आप्ताचा शब्द आणि संगणकाचे अपडेट

ठाण्यातील किंवा कल्याण-डोंबिवलीतील मध्यमवर्गीय घरात संगणक बहुधा एकच असतो, आणि श्रीलिपीत टाइप केलेला जुना मजकूर, सोसायटीचे हिशेब, प्राप्तिकराची विवरणपत्रे व मुलांच्या लग्नाचे फोटो त्याच एका यंत्रात साठलेले असल्यामुळे, ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीसाठी कंपनीने पाठवलेली दुरुस्ती, बसवताना वाटणारी धाकधूक केवळ अज्ञानातून येते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पडद्यावर ‘संगणक बंद करू नका’ अशी सूचना येते, टक्केवारी तिसावर थबकते, आणि नेमकी आत्ताच वीज गेली तर काय, या विचाराने माणूस यूपीएसच्या दिव्याकडे पाहत बसतो. या भीतीच्या मुळाशी ज्ञानमीमांसेचा, म्हणजे ज्ञान कशाने सिद्ध होते याचा, एक जुना प्रश्न आहे: जे स्वतः पडताळता येत नाही त्याबाबत दुसऱ्याच्या शब्दावर किती विसंबावे?

न्यायदर्शनाने शब्द हे स्वतंत्र प्रमाण, म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन, मानले. मात्र तो शब्द आप्ताचा असावा अशी अट घातली. गौतमाच्या न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने आप्ताचे लक्षण असे सांगितले आहे की त्याने ती गोष्ट स्वतः जाणलेली असावी आणि जशी जाणली तशी सांगण्याची त्याला इच्छा असावी. हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ यांना सारखेच लागू पडते असेही तो म्हणतो, आणि त्याच्या या उदारपणामुळेच मायक्रोसॉफ्टचे वचनही त्या कसोटीवर घासून पाहता येते. अपडेटसोबत येणारी डिजिटल स्वाक्षरी एवढेच सिद्ध करते की हा मजकूर त्याच कंपनीचा आहे आणि वाटेत कोणी तो बदललेला नाही. वक्ता कोण हे ती सांगते, वक्ता आप्त आहे का हे सांगत नाही.

ऑक्टोबर 2018 मध्ये विंडोज 10 चे एक मोठे अपडेट असेच अस्सल कंपनीकडून आले. ज्यांनी ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर दुसरीकडे वळवला होता, पण जुन्या जागी काही फायली राहू दिल्या होत्या, अशा काहींच्या त्या फायली त्याने पुसून टाकल्या. काही दिवसांतच कंपनीने वितरण थांबवले आणि नोव्हेंबरमध्ये दुरुस्त करून ते पुन्हा सुरू केले. कोणी खोटे बोलले नव्हते. कंपनीला आपली आज्ञावली ठाऊक होती, घराघरातले यंत्र ठाऊक नव्हते. म्हणजे शब्द म्हणून जे हाती येते ते वस्तुतः अनुमान असते: इतर असंख्य यंत्रांवर चालले, म्हणून येथेही चालेल. अनुमानाचा आधार असलेली व्याप्ती, म्हणजे दोन गोष्टींचे कधीही न चुकणारे साहचर्य, एका अपवादानेही ढळते. त्यामुळे आधी सगळ्या फायलींची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर काढणारा निवृत्त कारकून घाबरट नसतो. त्याने अनुमानाला अनुमानाइतकीच किंमत दिलेली असते.

शंकेलाही मात्र मर्यादा आहे. शंका घेणाऱ्याचे स्वतःचे वर्तनच जिथे तिला खोडून काढते तिथे ती थांबते, असे याच न्यायपरंपरेतील उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त दाखवले आहे. अपडेट वर्षानुवर्षे टाळून त्याच यंत्रावरून बँकेचे व्यवहार करणाराही कंपनीवर विश्वास ठेवतच असतो, फक्त तिच्या जुन्या शब्दावर, जो सदोष असल्याचे तिनेच जाहीर केलेले असते. 12 मे 2017 रोजी ‘वॉनाक्राय’ हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला, तेव्हा त्याला वाट देणारे भगदाड बुजवणारी दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती.

14 ऑक्टोबर 2025 रोजी, दिवाळीच्या तोंडावर, विंडोज 10 चे नियमित साहाय्य संपले. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0, म्हणजे सांकेतिक किल्ल्या जपणारी सुरक्षा-व्यवस्था, लागते. ती नसलेल्या धडधाकट संगणकांच्या मालकांपुढे नवे यंत्र घेणे, किंवा 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतच मिळणाऱ्या वाढीव सुरक्षा-दुरुस्त्यांवर भागवणे, असे पर्याय आले. येथे वात्स्यायनाची दुसरी अट पणाला लागते. सुरक्षेचे कारण खरे आहे आणि विक्रीतला लाभही खरा आहे. लाभ आहे म्हणून वचन खोटे ठरत नाही, परंतु सांगण्याच्या इच्छेत विकण्याची इच्छा मिसळली की ती निवडून वेगळी करण्याचे ओझे सामान्य गृहस्थावर पडते, आणि ते तसे पडू देणे योग्य नाही. असा गृहस्थ स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याला विचारतो. त्याने आज्ञावली पाहिलेली नसते, पण हे यंत्र उघडून पाहिलेले असते. आणि दुकानात नवे संगणक विकायला ठेवलेले असतानाही ‘काका, वर्षभर हाच वापरा, एवढ्यात नवा घेऊ नका’ असे तो म्हणतो, तेव्हा आप्ताच्या दोन अटींपैकी दुसरी तरी त्याने निःसंशय पुरी केलेली असते.