वाळू, तारे आणि एक मेंढरू

तारकर्लीच्या पुळणीवर अमावस्येच्या रात्री उभे राहिले, म्हणजे पायांखाली वाळू आणि माथ्यावर तारे, एवढेच काय ते जग उरते. उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वराने अब्राहामाला वंशविस्ताराचे वचन दिले, तेही याच दोहोंच्या उपमेने. दोन्ही अगणित खरे. परंतु त्यांत अधिक कोण, असे एखाद्या पोराने विचारले, तर काय सांगावे?

नुसत्या डोळ्यांना एका वेळी दोन-तीन हजारांहून अधिक तारे दिसत नाहीत. आपल्या आकाशगंगेत मात्र अदमासे दहा हजार कोटी, म्हणजे १०चा ११वा घात, इतके तारे आहेत. दृश्य विश्वात दीर्घिकाही निदान तितक्याच धरल्या, तर ११ आणि ११ यांची बेरीज करावी. एकूण तारे १०च्या २२व्या घाताच्या घरात जातात.

आता वाळू. पाच किलोमीटर लांब, पन्नास मीटर रुंद व दोन मीटर खोल अशी पुळण कल्पू. ती पाच लाख घनमीटर भरते. अर्ध्या मिलिमीटरचे कण एका घनमीटरात सुमारे ८०० कोटी मावतील. सोयीसाठी १०चा १०वा घात धरू. एकूण कण झाले ५ गुणिले १०चा १५वा घात. एकटी पुळण आकाशगंगेला मागे टाकते. परंतु सगळ्या विश्वाची बरोबरी करण्यास तशा वीस लाख पुळणी लागतील!

ही रीत जुनी आहे. विश्व भरून टाकण्यास वाळूचे किती कण लागतील, याचा हिशेब आर्किमिडीजने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात मांडला होता. आपल्याकडे ११५०च्या सुमारास भास्कराचार्यांनी 'लीलावती'त दहादहा पटींनी चढत परार्धापर्यंत, म्हणजे १०च्या १७व्या घातापर्यंत, संख्यांची नावे दिली.

या रीतीत एक प्रामाणिकपणा आहे. ती नेमकेपणाचा आव आणीत नाही. घात सांभाळावा, मागचा आकडा पाच असो वा सात, फारसे बिघडत नाही. शंभरातून एक वजा केला, तरी तिच्या लेखी शंभरच उरतात.

आणि नेमके येथेच मन अडखळते. वादळाच्या संध्याकाळी आपल्या किनाऱ्यावर होड्या मोजल्या जातात. शंभर गेल्या, नव्याण्णव परतल्या. घाताच्या हिशेबाने काहीच उणे नाही. पण एका घरात त्या रात्री चूल पेटत नाही. शुभवर्तमानातील मेंढपाळालाही हा हिशेब ठाऊक असावा. तरीही तो त्या एकासाठी निघाला.

अदमासाची रीत चुकीची नव्हे. ती कोठे वापरावी, हा विवेकाचा प्रश्न आहे. ताऱ्यांच्या बाबतीत जे शहाणपण, तेच माणसांच्या बाबतीत पाप ठरू शकते. फेस्ताला चर्च भरले होते, असे आपण समाधानाने म्हणतो. ज्या घरातून कोणीच आले नाही, ते आपल्या गणतीतून निसटते. वृत्तपत्रात 'सुमारे शंभर मृत' असे वाचून आपण पान उलटतो. तो 'सुमारे' हा शब्द कोणाचा तरी मुलगा असतो.

एकशे सत्तेचाळिसाव्या स्तोत्रातील देव ताऱ्यांची गणती करतो आणि प्रत्येकाला नावही देतो. आपल्याला इतके जमणार नाही. तारे आपण घातांनीच मोजावेत. किनाऱ्यावर परतणाऱ्या होड्या मात्र एकेक करून मोजाव्यात, आणि शेवटची येईपर्यंत दिवा तेवत ठेवावा.