वाट कुणाची?

आमच्या माण तालुक्यात शेतावरून भांडणं होतात, तशी शेताला जाणाऱ्या वाटेवरूनही होतात. आणि वाटेची भांडणं जास्त चिवट. शेताला सातबारा असतो, वाटेला तसा धनी नसतो. गावनकाशात ती तुटक रेघेनं दाखवलेली असते. पायमार्गाला एक रेघ, गाडीमार्गाला दोन. दर पेरणीच्या आधी कुणाचा तरी नांगर एक तास पुढं सरकतो आणि पाणंद वीतभर बारीक होते. मग तहसीलदाराकडं अर्ज, पंचनामा, जबाब. जबाबात प्रत्येक म्हातारा एकच सांगतो, "वाडवडलांपासनं आमची इथनं वहिवाट हाय."

या बोलण्यात मोठा विचार आहे. वाट कुणी विकत घेतली नाही, वाटणीत आली नाही, कुणी बक्षीसपत्र करून दिली नाही. नुसतं चालून चालून ती आपली झाली. सुविधाधिकाराच्या 1882 च्या कायद्यातही हेच आहे. दुसऱ्याच्या रानातून उघडपणे, तंट्याशिवाय, हक्क म्हणून अखंड 20 वर्षं ये-जा केली, तर त्या जाण्यायेण्याचा हक्क लागू होतो.

पण चालण्यानं हक्क मिळत असेल, तर चालणाऱ्याच्या अंगावर काही देणंही येतं का? हा प्रश्न मला गावात कधी पडला नाही. तो पडला इंग्लंडातल्या चिल्टर्नच्या डोंगरात, जाड टायरच्या सायकलवर.

माझा भाचा वेंडोव्हर गावाजवळ राहतो. रविवार उजाडला की माउंटन बाईक काढून डोंगरात जातो. मी त्याच्याकडं दोन महिने राहायला गेलो, तेव्हा त्यानं मित्राची एक सायकल माझ्यासाठी मागून आणली. माझी साठी उलटलेली, पण निम्मं आयुष्य सायकलवरून दूध घालण्यात गेलं होतं. जमून गेलं.

चिल्टर्न म्हणजे खडूचे डोंगर. वाट उघडी पडली की पांढरीफेक दिसते. हा खडू म्हणजे समुद्रातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांच्या कवचांचा गाळ. आपला काळा कातळ ज्या लाव्हारसाचा झाला, तो साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी वाहिला. हा खडू त्याच्याही आधी समुद्राच्या तळाशी साचलेला. त्यात चकमकीचे दगड असतात. ते फुटले की अशी धार येते की टायर चिरतो. आणि पाऊस पडला की ओला खडू साबणासारखा. पुढचा ब्रेक जोरात दाबला की माणूस खाली.

पहिल्याच रविवारी चांगली वाट लागली होती आणि भाचा मध्येच थांबला. म्हणाला, "मामा, इथनं सायकल नाही चालवायची. पिवळा बाण आहे."

तिथं वाटेच्या खांबावर बाण असतात. पिवळा बाण म्हणजे पायवाट, निळा बाण म्हणजे घोडवाट. घोडवाटेवर सायकल चालते, पायवाटेवर नाही. झाडं तीच, माती तीच, पण बाणाचा रंग बदलला की माझा हक्क संपला. मला ते पोरखेळासारखं वाटलं. पुढं थोडं वाचल्यावर कळलं, की त्या बाणांमागं मोठं भांडण आहे.

24 एप्रिल 1932 ला डर्बीशायरमधल्या किंडर स्काउट या पठारावर काहीशे माणसं, बहुतेक गिरण्या-कारखान्यांतली तरुण पोरं, मुद्दाम घुसली. ते रान जमीनदारांनी शिकारीसाठी राखलेलं होतं. पाच जणांना तुरुंगात जावं लागलं. वाटांचा हा झगडा बरीच वर्षं चालला आणि 1949 च्या कायद्यानं सार्वजनिक वाटा नकाशावर पक्क्या नोंदवायचं काम सुरू झालं. तिथल्या 1980 च्या रस्त्यांच्या कायद्यातही 20 वर्षांचाच हिशेब आहे. लोक एखाद्या वाटेनं 20 वर्षं हक्कानं, अडथळ्याशिवाय चालले, तर धन्यानं ती लोकांना दिली असं धरलं जातं. मी भाच्याला म्हणालो, "आपल्या म्हाताऱ्यांचा जबाब इथंबी चालतो म्हणायचा!"

त्या डोंगरांच्या अंगावर बीचची जंगलं आहेत. इंग्लंडात जे रान 1600 सालापासून सलग रान म्हणूनच राहिलं, त्याला प्राचीन जंगल म्हणतात. अख्ख्या ब्रिटनच्या जमिनीत असं रान 2.5 टक्क्यांच्या आसपासच उरलं आहे. आपल्या देवराईसारखं हे देवाच्या धाकानं राहिलेलं नाही. तिथं कुऱ्हाड चालायची. हाय वायकोम गावच्या खुर्च्यांचे पाय याच बीचचे, आणि ते कातणारे कारागीर रानातच बसून कातायचे. देवराई न वापरल्यानं टिकली, हे रान बेतानं वापरल्यानं टिकलं. एप्रिल-मे महिन्यांत झाडांखाली ब्लूबेलची निळी फुलं गालिच्यासारखी पसरतात. पण हे झाड अगदी सावकाश वाढणारं. बी पडल्यापासून फूल यायला पाच वर्षं तरी लागतात. पानं तुडवली गेली की खालच्या कंदाला अन्न मिळत नाही, आणि तुडवलेली जागा भरून यायला वर्षानुवर्षं जातात.

अशाच एका रानात पोरांनी फावड्यानं नवी वाट काढलेली दिसली. उड्या मारायला मातीचे उंचवटे केलेले, वळणांना बांध घातलेले. दोन्ही बाजूंना निळी फुलं आणि मधून चाकाचा तपकिरी पट्टा.

मी म्हणालो, "हे बरं नव्हे."

भाचा म्हणाला, "मामा, मघाशी आपण आलो ती खोल वाट बघितली ना? दोन्हीकडं डोक्याएवढ्या दरडी. ती काय देवानं केली? शेकडो वर्षं माणसं, घोडी, गाड्या चालल्या, पावसानं माती नेली, म्हणून ती खोल गेली. ती जुनी जखम म्हणून सुंदर, आणि पोरांची नवी म्हणून वाईट?"

त्याचं बोलणं खोटं नव्हतं. माती झिजल्याशिवाय वाट होत नाही. आपली पाणंदसुद्धा कुणाच्या तरी रानाचा तुकडा खाऊनच झालेली असते. जुनं ते चांगलं, एवढं म्हणून सुटका होत नाही.

उत्तर त्यानंच दिलं, पण बोलून नव्हे. पुढं निळ्या बाणाच्या वाटेवर मधोमध चिखलाचं डबकं होतं. मी कडेनं सायकल घालायला लागलो, तर तो ओरडला, "मधनंच घाला, मामा! कडेनं गेलं की वाट रुंद होत जाते!" आणि पिंढरीपर्यंत चिखल उडवत तो डबक्यातून गेला.

तिथं मला फरक उमगला. त्या खोल वाटेनं गेलेली हजारो माणसं एकाच रेघेत झिजवत गेली. प्रत्येकानं आधीच्याच्या पावलावर पाऊल ठेवलं, म्हणून दरडीवरचं रान रानच राहिलं. रान बिघडतं ते प्रत्येक जण आपल्या सोयीची नवी रेघ काढतो तेव्हा. आमच्याकडंही पावसाळ्यात हेच होतं. पाणंदीत चिखल झाला की गाडीवान बैल कडेनं घालतो, चाक पिकात जातं. मग शेतवाला बाभळीच्या काट्या टाकतो आणि प्रकरण तहसीलदाराकडं जातं. कागदावर तो हक्काचा वाद असतो. मुळात तो चिखलातून कुणी जायचं याचा असतो.

घोडवाटांवर सायकलींना परवानगी मिळाली ती 1968 च्या कायद्यानं, आणि त्या परवानगीला एक अट आहे. सायकलवाल्यानं चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. जो वेगवान, जो मागाहून आलेला, त्यानं थांबायचं. रस्त्यावरचा आपला रोजचा रिवाज नेमका उलटा. ट्रकनं मोटारीला दाबायचं, मोटारीनं सायकलला, सायकलनं म्हातारीला. त्या डोंगरात समोरून घोडं आलं की भाचा सायकलवरून उतरून कडेला उभा राहायचा आणि स्वारानं हात केल्याशिवाय हलायचा नाही. त्यात उपकाराचा आव नव्हता. त्या वाटेवर चाकाला जागा मिळाली तीच या बोलीवर.

वहिवाटीत ही बोलीही धरली पाहिजे, असं मला आता वाटतं. 20 वर्षं चाललो हे सांगायला साक्षीदार मिळतात. मागून येणाऱ्याला ती वाट चालण्याजोगी राखली का, हा जबाब कुठल्याच कचेरीत घेत नाहीत. तो ज्याचा त्यानं, चिखलापाशी आल्यावर द्यायचा असतो.