साडेतीन किलो

उरणपासून श्रीवर्धनपर्यंत कुठेही जा, लग्नाला वर्ष उलटून ‘गोड बातमी’ नसली की सुनेची सोनोग्राफी होते. रिपोर्टवर पीसीओडी येतं आणि घर निकाल देऊन मोकळं होतं: जाड झाली, दुसरं काय! रात्री सगळ्यांची पानं उठल्यावर पातेल्याच्या बुडाशी उरलेला भात टाकायचा कसा म्हणून कालवणाशी संपवते, तीही हीच सून.

वजनाचा सल्ला मात्र खोटा नाही. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड ते जास्तच सोडतं. त्या जादा इन्सुलिनमुळे अंडाशयात पुरुषी संप्रेरकं वाढतात, स्त्रीबीज पुरतं पिकत नाही आणि पाळी लांबते. रिपोर्टमधल्या ज्या ‘गाठीं’नी सासूबाईंची झोप उडते, त्या बहुधा वाढ अर्ध्यावर थांबलेल्या बीजपुटिका असतात. पोटाची चरबी उतरली की इन्सुलिनही उतरतं. वजन पाच ते दहा टक्के घटलं तरी पुष्कळजणींची पाळी नियमित होऊ लागते, बीज सुटू लागतं. सत्तर किलोच्या बाईला पाच टक्के म्हणजे साडेतीन किलो. लग्नातल्या ब्लाउजात मावण्याची अट कुणी घातलेली नाही. (मूल इतक्यात नको असेल तर याच सुमारास सांभाळा. ‘पाळीच येत नाही’ म्हणून निर्धास्त राहिलेल्यांनाही दिवस जातात.)

पण काटा सगळं सांगत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. दोघांचाही बीएमआय 22.3, शरीरातली चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के, युडकिन यांची 9.1. आपल्याकडे बीएमआयची धोक्याची रेषा 25 ऐवजी 23 वर ओढतात ती म्हणूनच. शिडशिडीत पोरीलाही पीसीओएस (रिपोर्टवरचा तोच पीसीओडी) होतो, आणि ‘वजन कमी कर’ या मंत्राचा तिला काडीचा उपयोग नसतो. 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही सांगतात की काटा हलला नाही तरी व्यायामाचा आणि नीट खाण्याचा फायदा होतोच. वजनावरून बाईला हिणवू नका, हेही त्यांनी बजावलं आहे.

वजनाच्या नावाखाली वर्षं घालवणं मला सगळ्यात घातक वाटतं. पस्तिशीला टेकलेल्या बाईने ‘आधी दहा किलो उतरव, मग बघू’ हे ऐकून गप्प बसू नये. बीज सुटावं म्हणून लेट्रोझोलसारखी गोळी असते, ती डॉक्टरच्या देखरेखीखाली घेता येते.

अलिबागच्या वाळूवर पहाटे चालणारे बहुतेक पुरुष दिसतात. त्या वेळी बायका डबे भरत असतात. साडेतीन किलो उतरवायचे तर रोजचा तो तास घराने तिला मोकळा करून द्यावा, आणि पहिल्याच महिन्यात नवऱ्यानेही आपली वीर्यतपासणी करून घ्यावी.