लेखनाचे कर्तेपण

बालशिक्षणाविषयी जे लिहिले जाते त्याचा खरा कर्ता कोण, हा प्रश्न वरकरणी दप्तराचा, फार तर मानमरातबाचा वाटला, तरी त्याच्या बुडाशी ज्ञानमीमांसेचा एक जुना आणि अवघड प्रश्न आहे. कारण ज्याच्याविषयी लिहावयाचे ते तीन-चार वर्षांचे मूल आपल्या मनाची साक्ष पुरतेपणी शब्दांत देऊ शकत नाही, आणि ते दिवसभरात जे करते त्यातले काही सेविकेला, काही आईला व काही अधूनमधून येणाऱ्या अभ्यासकाला दिसते, सगळे मात्र कोणालाच दिसत नाही. अशा विषयावर एकट्याने लिहिलेला प्रबंध, तो कितीही व्यासंगपूर्ण असो, अपुऱ्या पुराव्यावर दिलेला निवाडाच ठरतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

या अडचणीचा विचार आपल्याकडे वैद्यांनी फार सूक्ष्मपणे केला. चरकसंहितेच्या विमानस्थानात ‘तद्विद्यसंभाषा’, म्हणजे एकाच विद्येतल्या जाणत्यांनी परस्परांशी करावयाची चर्चा, ज्ञानवृद्धीचा उपाय म्हणून सांगितली असून तिचे संधायसंभाषा आणि विगृह्यसंभाषा असे दोन भेद केले आहेत; पहिलीत स्नेहभावाने संशय फेडावयाचा, दुसरीत प्रतिपक्षाला जिंकावयाचे. खुद्द तो ग्रंथही एकहाती नव्हे. अग्निवेशाचे तंत्र चरकाने संस्कारिले आणि त्यातला उणा भाग पुढे दृढबलाने भरून काढला व तसे ग्रंथातच नमूद केले. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ साली शिंपीकामाच्या उमेदवारांचे व सुइणींचे दाखले देऊन, शिकणे म्हणजे एका व्यवसायी समुदायात हळूहळू सामील होणे, असे जे प्रतिपादिले, त्याचे या विचाराशी जवळचे नाते आहे.

महाराष्ट्रातील बालशिक्षण अशाच समुदायातून वाढले. भावनगरला गिजुभाई बधेकांच्या सहवासात घडलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुले शाळेत येत नाहीत तर शाळेनेच पाड्यावरच्या अंगणात किंवा गुरांमागच्या कुरणात जावे, हा विचार प्रत्यक्षात उतरला. अंगणवाडी आणि कुरणशाळा यांत ताराबाईंचा वाटा किती, अनुताईंचा किती आणि आपल्या अडचणी सांगणाऱ्या पाड्याचा किती, अशी वाटणी करू पाहणाऱ्याला त्या कार्याचे मर्मच कळले नाही, असे मला वाटते.

एकत्र लिहिताना नेमके काय घडते, हे एका नोंदीवरून पाहू. समजा, सेविकेने वहीत शेरा मारला, ‘मूल हट्टी आहे, मातीकामाला बसत नाही.’ सहकारिणीने शांतपणे विचारले, ‘बाई, तुम्ही पाहिलं काय?’ तेव्हा आठवून आठवून मजकूर बदलतो: मुलाने दोनदा मातीकडे हात नेला, शेजारच्या मुलीच्या ओल्या हातांकडे पाहिले आणि हात मागे घेतला. मग आई सांगते की घरी चिखलाने हात भरले की त्याला मार बसतो. निवाडा गळून पडला, निरीक्षण उरले, आणि त्या निरीक्षणाला कारणही सापडले. हे तिघींपैकी एकीलाही एकटीने साधले नसते.

पुष्कळांच्या हातून मसुदा गेला की त्याची धार बोथट होते आणि चुकीची जबाबदारी कोणाकडेच राहत नाही, असा आक्षेप घेतला जातो, व तो निराधार नाही. परंतु याहून मोठा धोका मला दुसरीकडे दिसतो. लेखणी प्राध्यापकाच्या हाती आणि सेविकेची नेमणूक व मोबदलाही त्याच्याच शिफारशीवर अवलंबून, अशी स्थिती असेल तर तिच्या होकाराला संमती म्हणता येणार नाही. स्नेहभावाच्या संभाषेला निर्भयता लागते, आणि ती हुकमाने उत्पन्न होत नाही. म्हणून मतभेद मिटला नाही तर तो मसुद्यात जसाच्या तसा ठेवावा, कोणी काय पाहिले हे नावानिशी लिहावे, आणि जिला वाचता येत नाही त्या आईला संपूर्ण मजकूर तिच्या बोलीत वाचून दाखविल्याखेरीज तो छापावयास पाठवू नये. तिने एखादे वाक्य नाकारले, तर छपाई थांबवून त्या वाक्याचा विचार पुन्हा तिच्यासमोर बसून करावा.