भट्टीजवळची डॉक्टरेट

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी प्रबंध लिहून पीएच.डी. मिळवली नव्हती. १८८३ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून ते इंजिनिअर झाले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. खडकवासल्याच्या धरणाची भिंत न वाढवता त्यात जास्त पाणी साठवायचं होतं. त्यासाठी त्यांनी पुराच्या पाण्याने आपोआप उघडणारे दरवाजे तयार केले, त्यांचं पेटंट घेतलं आणि १९०३ मध्ये ते तिथे बसवले. १९९८ पासून त्यांच्या नावाचं तांत्रिक विद्यापीठ बेळगावात आहे. तेच दरवाजे घेऊन एखादा खात्यातला इंजिनिअर आज आपल्याकडच्या कुठल्याही विद्यापीठात गेला, तर त्याला पहिला प्रश्न काय विचारतील? शोधनिबंध किती आणि कुठल्या सूचीतल्या जर्नलमध्ये?

हा प्रश्न बेळगावला इतर गावांपेक्षा जास्त लागू आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर बनवले ते याच गावात. लोखंडाने जमीन नासते म्हणणाऱ्या शेतकऱ्यांशी हुज्जत घालत, त्यांच्या तक्रारी ऐकत त्यांनी ते काम केलं. १९१० मध्ये ते किर्लोस्करवाडीला गेले, पण ओतकाम गावात राहिलं. उद्यमबाग आणि मच्छेच्या फाउंड्र्या आज पंप, व्हॉल्व्ह, ट्रॅक्टर आणि मोटारींचे सुटे भाग ओततात. जिल्ह्यातल्या हत्तरगीला विमानांचे भाग बनतात. शेजारी दोन-तीन इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, तिथे पीएच.डी. झालेले प्राध्यापक आहेत. या दोन जगांची गाठ पडते ती बहुतेक वेळा कॅम्पस इंटरव्ह्यूलाच.

फाउंड्रीतला एक साधा प्रश्न घ्या. ओल्या वाळूच्या साच्यात सिलिका वाळू, बेंटोनाइट, कोळशाची पूड आणि साधारण तीन-चार टक्के पाणी असतं. पाणी वाढलं की तापलेल्या लोखंडाने वाफ होते आणि कास्टिंगच्या पोटात ब्लो होल राहतात. कमी पडलं तर साच्याची कड ढासळते. जुना मिस्त्री वाळू मुठीत दाबतो, बोटांचे ठसे नीट उमटले का बघतो, मग ती वडी मधोमध मोडून कड पाहतो. बेळगावच्या पावसात हवाच ओली, उघड्यावरची नवी वाळू ओली, आणि वापरून परत आलेली वाळू मात्र गरम, घातलेलं पाणी उडवून टाकणारी. दोष दिसतो तो पुढे, सीएनसीवर पैसे खर्चून मशीनिंग केल्यावर. मिस्त्रीच्या मुठीतलं हे ज्ञान, परतीच्या वाळूचं तापमान आणि हवेतली आर्द्रता यांची सांगड घालून पाण्याचं प्रमाण दर घाण्याला कसं ठरवावं? याचं उत्तर शोधायला दोन-तीन पावसाळे एकाच प्लँटवर काढावे लागतील. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते होणार नाही. तिथे होतं ते तागुची पद्धतीचं कोष्टक, नऊ नाहीतर सत्तावीस प्रयोग, आणि एक निबंध. असे निबंध ढिगाने आहेत. त्यातला एखादा उद्यमबागेत कुणी वाचला असेल तर मला आनंद वाटेल.

निबंध लिहिणाऱ्या प्राध्यापकाला दोष देऊन उपयोग नाही. सहयोगी प्राध्यापक व्हायचं तर पीएच.डी. लागते, म्हणून पीएच.डी. होते. वर्गात शिकवून, परीक्षेचे पेपर तपासून उरलेल्या वेळात जो विषय निभतो तोच तो घेतो.

इतर देशांनी यावर वेगळा मार्ग काढलाय. ब्रिटनने १९९२ मध्ये इंजिनिअरिंग डॉक्टरेट सुरू केली. चार वर्षांचा अभ्यास, त्यातला सुमारे तीन चतुर्थांश वेळ कंपनीत, मार्गदर्शक दोन: एक विद्यापीठाचा, एक कारखान्याचा. हॉलंडमध्ये दोन वर्षांचा डिझाइनवरचा अभ्यासक्रम ऐंशीच्या दशकापासून आहे, २०२२ पासून त्यालाही हीच पदवी मिळते. आपल्याकडे पंतप्रधान फेलोशिप योजनेत सरकार आणि कंपनी संशोधकाचं विद्यावेतन निम्मं-निम्मं देतात. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनी नोकरी सांभाळून पीएच.डी. करायची वाट ठेवली आणि प्रबंधाआधी निबंध छापण्याची सक्तीही काढली. पण मुख्य मार्गदर्शक कायम प्राध्यापकच हवा आणि त्याच्या नावावर निबंध हवेत. तीस वर्षं भट्टीवर काढलेला माणूस फार तर तोंडी सल्ला देणार.

फाउंड्रीमालकाची अडचणही खरी आहे. चार वर्षं एक हुशार पोरगा पोसायचा आणि तो अर्ध्यावर पुण्या-बेंगळुरूला निघून गेला तर? शिवाय वाळूच्या मिश्रणाचं गुपित प्रबंधात छापून शेजाऱ्याला कोण देईल? गुपिताचं जमवता येतं, प्रबंधाचा तेवढा भाग काही वर्षं बंद ठेवतात. माझी भीती वेगळी आहे. कारखान्यात बसलेल्या संशोधकाला पहिल्या महिन्यापासून रोजच्या रिजेक्शनमागे पळवतील, आणि तीन वर्षांनी त्याच्याकडे प्रश्नही नसेल, उत्तरही नसेल. फसलेल्या प्रयोगाला मोकळीक नसेल तर ती डॉक्टरेट नव्हे, कमी पगाराची नोकरी. म्हणून एका मालकाने नव्हे, आठ-दहा फाउंड्र्यांनी मिळून एक माणूस पोसावा. प्रश्न सगळ्यांचा, म्हणून खर्चही सगळ्यांचा.

त्यात कर्नाटक-महाराष्ट्राची हद्दही आड यायला नको. निपाणीहून बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ. कोल्हापूरजवळच्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांची दुखणी आपल्यासारखीच. सहमार्गदर्शक दुसऱ्या संस्थेचा चालतो, मग तो दुसऱ्या राज्याचा का नको? ट्रक दोन्हीकडून रोज येतात-जातात.

तरीही जुनी पीएच.डी. मोडीत काढा असं मी म्हणणार नाही, आणि त्याचं कारण निपाणीतच सापडतं. तिथल्या तंबाखूच्या वखारीत बाया तंबाखू चाळतात, तेव्हा उडणारी धूळ श्वासाबरोबर छातीत जाते. ती धूळ कमी करणारी स्वस्त चाळण किंवा हवा खेचण्याची व्यवस्था बनवणं हा पक्का इंजिनिअरिंगचा विषय आहे. पण कुठली वखार त्यासाठी संशोधकाला चार वर्षं पगार देईल? कंपनीच्या पैशावरची डॉक्टरेट कंपनीचेच प्रश्न सोडवणार. ज्यांच्या प्रश्नाला गिऱ्हाईक नाही त्यांच्यासाठी सरकारी पैशावरचं संशोधन लागेलच, फक्त ते वखारीत जाऊन व्हायला हवं.

पदवीला काय नाव द्यायचं हे विद्यापीठ नंतर ठरवेल. उद्यमबागेतल्या मालकांनी तोवर एक करावं: येत्या पावसाळ्यातलं आपापलं रिजेक्शन, तारखेसह आणि वाळूच्या नोंदीसह, एका वहीत लिहून ठेवावं आणि ती वही घेऊन एकत्र मच्छेला विद्यापीठात जावं.