ताटीच्या दोन्ही बाजू

गेल्या पावसाळ्यात एका व्याख्यानात वक्त्यांनी सांगितलं की, कठीण प्रसंगानंतर जो मित्र गप्प होतो तो मित्र नव्हताच, त्याला आयुष्यातून वजा करा. टाळ्या पडल्या. मी अस्वस्थ होऊन घरी आलो. वजाबाकी इतकी सोपी असती, तर मी पौष महिन्यापासून झोप घालवून बसलो नसतो.

मी शहापूरचा, माझा मित्र मुरबाडचा. किन्हवली-सरळगावच्या रस्त्याने मी दरवर्षी त्याच्याकडे जायचो आणि आम्ही मिळून म्हसा गावची जत्रा करायचो. यंदा बैलबाजारातून बाहेर पडताना छाती धडधडू लागली, श्वास पुरेना, हातांना मुंग्या आल्या. आता मरतो असंच वाटलं. त्याने दंड धरला. मी तो झटकला, चारचौघांत त्याला शिवी दिली आणि मिळेल त्या जीपमध्ये चढलो. अर्ध्या तासात सगळं ओसरलं. त्याचा फोन मात्र आजतागायत नाही.

आमच्याकडे असं काही झालं की ‘ठाण्याला न्या याला’ म्हणतात. १९०१ सालच्या मनोरुग्णालयाने आख्ख्या जिल्ह्याच्या गावाचं नाव शिवी करून टाकलंय. त्यामुळे मी कुणाशीच बोललो नाही, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस वाचत बसलो. डॉ. आनंद नाडकर्णींमुळे हा माणूस मराठी घरांत ओळखीचा झालाय. एलिसला बायकांशी बोलण्याची धास्ती होती. एकोणिसाव्या वर्षी त्याने ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात जाऊन महिनाभरात शंभर अनोळखी बायकांशी बोलणं काढलं. भेटायला एकच तयार झाली, तीही आली नाही. तरी आभाळ कोसळलं नाही. ‘सगळ्यांनी मला चांगलं म्हटलंच पाहिजे’ यातला ‘च’ त्याने आयुष्यभर खोडला. त्या ‘च’वर काट मारल्यावर मी बाजारात मान वर करून चालू लागलो. हे ऋण मोठं आहे.

पण त्या शंभरजणी परक्या होत्या. परक्याचा नकार पचतो. ज्याच्या घरी आपलं ताट न विचारता वाढलं जातं, त्याचं गप्प राहणं कोणत्या ‘च’मध्ये बसवायचं? त्याने बोलावं ही माझी मागणी आहे की माया? इथे एलिस मला अपुरा पडतो.

मग मुक्ताबाई आठवली. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानेश्वर ताटी लावून आत बसले, तेव्हा ती धाकटी बहीण बाहेर उभी राहिली. तिने ताटी मोडली नाही, ती निघूनही गेली नाही. ‘माझं काय चुकलं’ असंही विचारत बसली नाही. आतल्याला तो कोण आहे याची आठवण देत राहिली.

इथवर मी स्वतःला मुक्ताईच्या जागी धरत होतो. लिहितानाच लख्ख दिसलं: भर गर्दीत शिवी खाऊन एकटा उभा राहिला तो. त्यानंतर सरळगावच्या नाक्यावर त्याची मोटारसायकल दिसली, तेव्हा मीच टपरीमागे सरकलो होतो. ताटी मीही लावली होती. त्याच्या गप्प राहण्यात राग असेल, भीती असेल, किंवा मला मोकळं सोडण्याचा समजूतदारपणा असेल. मी मात्र त्यातून फक्त माझ्यावरचा निकाल वाचत आलो.

घटस्थापनेच्या दिवशी त्याला लिहिलं: ‘म्हशात माझा जीव घाबरा झाला होता. पण तुला शिवी दिली ती चूक माझी. सवडीने बोल.’ निरोप त्याने वाचलाय. उत्तर आलेलं नाही. पौष पौर्णिमेला मी जत्रेला जाणार आहे, हेही त्याला कळवलंय.