दगडूच्या आधी कोण?

पाठ भिंतीला टेका. घराण्याची वंशावळ मांडीवर घ्या. छापलेली असो, नाहीतर वहीच्या पानावर हातानं काढलेली. वरून खाली एकेका नावावर बोट फिरवत या. एखादा दगडू, धोंडिबा, केरबा किंवा उकंडा भेटला की थांबा.

हे नाव हौसेनं ठेवलेलं नसतं. आधीची लेकरं जगली नाहीत म्हणून पुढच्याला दगड म्हणायचं, केरात ठेवून उचलायचं, नाक टोचून नथू करायचं. मरणालाही ते लेकरू नकोसं वाटावं, एवढाच हेतू. तेव्हा वंशावळीत दगडू थोरला दिसत असला तरी बहुधा तो पहिला नव्हता. त्याच्या आधीच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवा आणि थोडा वेळ तिथंच राहू द्या. श्वास जसा चालला आहे तसा चालू द्या.

आता त्या कोऱ्या जागेतल्या बाळाची नोंद शोधायला दप्तराकडे वळू. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी धाराशिव जिल्ह्यातली जुनी बाडं सुटली, तेव्हा अनेकांनी पणजोबांचं नाव पहिल्यांदा कागदावर पाहिलं. नजर जातीच्या रकान्यावर होती, आणि ते साहजिकच होतं. आपण जन्म-मृत्यूच्या वहीत, लोक जिला कोतवाल बुक म्हणतात तिच्यात, बाकीच्या रकान्यांपाशी रेंगाळू. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा. त्यामुळे जुनी नोंद उर्दूत किंवा मोडीत, आणि साल फसली. समजा १३३० दिसलं, तर त्यात ५९० मिळवा. १९२०-२१ साल येईल. महिनेही बहमन, तीर, मेहर असे फारसी. उर्दू वाचणारे एखादे वयस्कर गृहस्थ मिळाले तर त्यांना घाई करू नका. उजवीकडून डावीकडे जाणारी ती ओळ त्यांच्या तोंडून मराठीत ऐका. बापाचं नाव येईल, गाव येईल, मुलगा की मुलगी तेही येईल. बाळाचं नाव मात्र येणार नाही.

वाईट वाटेल, वाटू द्या. पण लिहिणाऱ्यावर रागावू नका. पाचवीला सटवाई पुजायची, बाराव्या दिवशी बारसं. त्याआधीच गेलेल्या बाळाला नाव नव्हतंच, तो तरी काय लिहिणार? १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदासुद्धा नावाशिवाय जन्म नोंदवू देतो. नाव मागाहून घालता येतं. या बाळाच्या वाट्याला ते मागाहून आलंच नाही. तान्ह्या लेकराला पुरायची रीत, मोठ्या माणसासारखं श्राद्ध नाही. म्हणून तीर्थोपाध्यायांच्या वह्यांवरही फार भिस्त ठेवू नका. तिथं यात्रेला आलेल्यांची आणि त्यांच्या पूर्वजांची नावं असतात.

इथं एक मोह होतो, आपणच नाव द्यावं असा. माझं मत विचाराल तर देऊ नका. ते नाव तुमच्या समाधानासाठी असेल. नोंदीतलं बाळ आणि दगडूच्या आधीचं बाळ एकच, असंही लगेच धरून चालू नका. एका गावात एका नावाचे दोन बाप सहज असतात. वंशावळीत एक रिकामं वर्तुळ काढा. खाली कळलं तेवढंच लिहा, ‘मुलगी, फसली १३३०’. खात्री नसेल तर शेजारी प्रश्नचिन्ह.

आणि वहीत काहीच सापडलं नाही तर? मग दगडूच्या आईकडे या. वंशावळीत ती बहुधा नसतेच, तिथं पुरुषांचीच रांग. पण पहिलं बाळंतपण माहेरी होतं. पहिलं लेकरू तिकडंच जन्मलं आणि तिकडंच गेलं असेल, तर सासरच्या गावची वही कितीही चाळली तरी हाती काही लागायचं नाही. माहेर आळंद-बसवकल्याणकडचं असेल तर दप्तर आज कर्नाटकात. १९५६ पर्यंत तोही भाग हैदराबाद राज्यातच होता. बार्शीकडचं असेल तर तिथं इंग्रजांचा अंमल, म्हणजे कागदाची सगळी तऱ्हाच वेगळी.

तिचं माहेर कोणतं, हे आता घरात कुणाला ठाऊक असेल? माणसं एकेक करून डोळ्यांपुढे आणा. सगळ्यात वयस्कर आत्यापासून सुरुवात करा.